वरच्या तळ्याची वडी

"थांब. पाय नको टाकू. आधी ऐक."

सुलेखाताई पुढे होत्या. त्यांनी हातातली काठी आडवी धरली, तशी मी जागच्या जागी थांबले. मागून शिवांगी मान खाली घालून येत होती, ती माझ्या पाठीवरच्या पिशवीवर आदळली. सकाळपासून आम्ही तिघी चढत होतो. उंच देवदारांच्या सावलीतून वर आलेली पायवाट इथे एकदम बर्फाखाली गेली होती.

"काय ऐकू?" मी विचारलं.

"पाणी."

मी कान दिला. खरंच, बर्फाच्या पोटातून आवाज येत होता, बंद दाराआड कुणी बोलत असावं तसा. वरून सगळं सपाट, पांढरं, कुणालाही वाटावं की सरळ चालत जावं. सुलेखाताईंनी काठीचं टोक त्या पांढऱ्यावर टेकवून जरा जोर दिला, तर काठी मुठीपर्यंत आत गेली.

"पाहा. खाली ओढा आहे. ही नुसती साय आहे वर. सायीवर उभं राहतं का कुणी?"

"काकू, तुम्ही नसता ना, तर मी सरळ गेले असते," शिवांगी म्हणाली.

"म्हणूनच तुला पुढे नाही, मागे ठेवते. चल, वरच्या बाजूने जाऊ. तिथे झाड आडवं पडलेलं दिसून राहिलंय."

ओढ्यावर आडव्या पडलेल्या त्या झाडावरून आम्ही बसून बसून पलीकडे गेलो. बसून, कारण सुलेखाताईंचे गुडघे. जुलै लागला होता. खाली रेडमंडला लोकांनी पंखे बाहेर काढले होते, माझ्या अंगणातले गुलाब फुलून गळायला लागले होते, आणि इथे वर आम्ही बुटांना साखळीचे काटे बांधून चाललो होतो.

परगावच्या वाचकांना हे नवल वाटेल, म्हणून सांगते. आमच्या वॉशिंग्टन राज्यात उन्हाळा दोनदा येतो. एकदा खाली येतो, आणि पुष्कळ दिवसांनी वर डोंगरात येतो. सगळा हिवाळा पावसात काढल्यावर एप्रिलमध्ये ऊन पडलं, की डोंगर चढणाऱ्या लोकांचे पाय शिवशिवायला लागतात. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून समोर डोंगर दिसतात, अगदी जवळ, हात लावावा असे. पण ते पांढरेच असतात. मे जातो, तरी पांढरे. जून जातो. दुकानात दोन ओळखीची माणसं भेटली, की मुलाबाळांची चौकशी मागाहून होते, आधी प्रश्न येतो, "वरचं उघडलं का?" शिवांगीसारखी ऑफिसातली मुलं तर नवे बूट घालून घरातल्या घरात फिरतात. ती पुण्याची. इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्यात गाडी चालवण्याचं काम तिचं.

पण वाट पाहावी तर सुलेखाताईंनी. आणि त्या वर्षी त्यांना जितकी घाई होती तितकी दुसऱ्या कुणाला नव्हती.

सुलेखाताई नागपूरच्या. एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत त्यांनी नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, या वयात हे डोंगराचं वेड कुठून लागलं? म्हणाल्या, "अगं, खिडकीच्या आत बसून मी लोकांना चिखलदऱ्याला पाठवलं, पचमढीला पाठवलं, कुठे कुठे पाठवलं. प्रत्येकाला विचारायची, खिडकीकडची सीट देऊ का? मला कुणी विचारलंच नाही." हे सांगताना त्या रडवेल्या नव्हत्या, हसत होत्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. ऊन आहे, वारा आहे, तसं ते एक आहे, एवढंच.

त्यांची मुलगी हिमानी इथे नोकरीला. "नागपूरला माठातलं पाणी हीच आमची थंडी," सुलेखाताई म्हणतात, "तरी मी हौसेने पोरीचं नाव हिमानी ठेवलं. तेच भोवलं. गेली ती बर्फाच्या देशात, आणि आम्हालाही बोलावून घेतलं." आल्या त्या नातीला, आन्याला, सांभाळायला. नात शाळेत जायला लागली, तशा दिवसभर रिकाम्या. गाडी येत नाही. मग चालायला लागल्या. प्लास्टिकचा रेनकोट घालून पावसातून लायब्ररीपर्यंत, मग तळ्यापर्यंत, मग त्याच्याही पुढे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक बस जाते, हे त्यांनी स्टॉपवर लावलेला कागद वाचून शोधून काढलं. एसटीतली बाई, बसचा कागद दिसला की वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. त्याच बसमध्ये माझी नि त्यांची ओळख झाली.

ओळखीनंतर पहिल्यांदाच आम्ही एका छोट्या डोंगरावर गेलो तेव्हाची गोष्ट. मोसमातली पहिली चढाई, म्हणून मी घरून नारळ नेला होता. वाट सुरू होते तिथे एक मोठा दगड होता. मी त्यावर पाणी शिंपडलं, हात जोडले आणि नारळ फोडला. आमच्याकडे बार्शीला नवी मोटारसायकल आणली तरी नारळ फोडतात, इथे तर अख्खा डोंगर चढायचा होता. खोबऱ्याचे दोन तुकडे देवाच्या नावाने दगडावर ठेवले आणि निघणार, तोच पाठीवर पट्टे असलेल्या दोन खारी टपकल्या. मागून निळा पक्षी आला एक, चांगला दांडगा.

सुलेखाताई गुडघे धरून खाली बसल्या आणि एकेक तुकडा, करवंटी, शेंडीचे धागेसुद्धा वेचून प्लास्टिकच्या पिशवीत भरायला लागल्या. मला राग आला. नवी ओळख, म्हणून गप्प राहिले. पण चेहऱ्यावर दिसलंच असणार.

"देवाला नको म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण या खारींना खोबऱ्याची चटक लागली, की त्या माणसांच्या पिशव्या फाडतात. वासाने मग अस्वल येतं. आणि अस्वल माणसांत यायला लागलं, की इथले लोक शेवटी त्याला मारतात. तुझ्या नारळापायी अस्वल मरायला नको."

मीही खाली बसून वेचायला लागले.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या, "नारळ घरी फोड. त्याची वडी कर. ती आपण वर घेऊन जाऊ आणि पोचल्यावर खाऊ. पायी चालत नेलेला नैवेद्य काही कमी असतो का?"

तेव्हापासून ही आमची रीत पडली. शुक्रवारी मी नारळ फोडते, देवापुढे ठेवते, वड्या थापते. शनिवारी डबा माझ्या पिशवीत. डबा वर पोचल्यावरच उघडायचा, आधी नाही. शिवांगी कितीही म्हणो, "नीनाताई, एकच यार, चढ बघा ना केवढा आहे," तरी नाही. कधी पाऊस लागला, वाट सापडली नाही, अर्ध्यातून परत फिरलो, तर डबा न उघडता परत. तो मग जायचा राजीव भाऊजींकडे. भाऊजी म्हणजे सुलेखाताईंचे यजमान. ते कधी डोंगर चढत नाहीत, त्यांचा डोंगर म्हणजे घराचा जिना. आम्ही पडक्या चेहऱ्याने दारात उभ्या राहिलो, की ते आतून ओरडायचे, "नाही पोचलात ना? छान झालं! आणा तो डबा इकडे."

आता त्या वरच्या तळ्याचं सांगते. त्याचं खरं नाव इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं आहे. ते आमच्यापैकी कुणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून आम्ही त्याला वरचं तळं म्हणतो. दोन डोंगरांच्या मधल्या वाटीत, झाडं संपतात त्याच्याही वर आहे म्हणे. 'म्हणे' कारण आम्ही ते पाहिलेलं नव्हतं. सुलेखाताईंच्या मनात ते पहिल्यापासून भरलं होतं. एका वर्षी ठरवलं, तर रानात वणवा लागला, सगळीकडे धूर, वाट बंद. पुढच्या वर्षी हिवाळ्यातल्या पुरात पायथ्याचा रस्ताच वाहून गेला, तो दुरुस्त होईपर्यंत पुन्हा बर्फ पडायला लागला. इथे वरच्या वाटांना दिवस थोडे मिळतात. बर्फ जायचा आणि धूर यायचा, याच्या मधले.

आणि दर वर्षी गुडघे खाली खाली जात होते. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून गेलेली. चढताना त्यांना इतकं दुखत नाही, उतरताना जीव जातो. ऑपरेशनची तारीख त्यांनी तळ्यासाठी एकदा पुढे ढकलली, दोनदा ढकलली. या वेळी हिमानीने ऐकलं नाही. तिने सुट्टी टाकली, जुलैच्या मध्यावरची तारीख पक्की केली. डॉक्टर म्हणाले, नव्या गुडघ्यांवर चालता येईल, दुखणं जाईल. पण एवढा डोंगर पुन्हा चढाल-उतराल का, ते आत्ता सांगता येणार नाही.

म्हणून तळं त्याआधी पाहायचं होतं. आपल्या पायांनी.

आणि नेमका त्या वर्षी बर्फ जाईना.

भाऊजी रोज सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचे. घाटातल्या रस्त्यावर सरकारी कॅमेरा लावलेला आहे, त्यात बर्फ मोजायचा एक पट्ट्यापट्ट्यांचा खांब दिसतो. ज्या माणसाला डोंगराचं काही देणंघेणं नाही, तो माणूस सकाळी उठून बायकोसाठी त्या खांबाकडे पाहत बसायचा, लोक शेअर बाजाराकडे पाहतात तसा. मग स्वयंपाकघरात बातमी द्यायची, "सुलेखा, आज खालचा लाल पट्टा दिसून राहिला गं!" किंवा काहीच न बोलता कप विसळायचा. कप विसळला, की सुलेखाताई समजायच्या, रात्री वर पुन्हा पडला.

"नागपूरला मे महिन्यात डांबर वितळतं," त्या चिडून म्हणायच्या, "आणि इथे जून आला तरी हा बाप्पा हलायला तयार नाही."

एकदा नातीने ते ऐकलं. आन्या फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ लेक."

"हो का? आणि त्या दिवशी आइसक्रीमची गाडी निघून गेली तेव्हा कोण रडत होतं? तेही जस्ट आइसक्रीमच होतं ना?"

आम्ही दर शनिवारी जायचो. जिथपर्यंत वाट मोकळी असेल तिथपर्यंत, आणि बर्फाने अडवलं की परत. दर वेळी जरासं पुढे. झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फ आधी वितळतो, तिथे गोल खड्डे पडतात, अगदी आपण रोपाला आळं करतो तसे. सुलेखाताई त्या आळ्यांकडे पाहून सांगायच्या, मागच्या शनिवारपेक्षा रुंद झाली की नाही. आणि डबा दर वेळी न उघडता भाऊजींकडे. शेवटी एक दिवस ते पोटावर हात ठेवून म्हणाले, "अहो नीनाबाई, आता पोचा बरं का एकदाच्या. तुमचा बर्फ उतरेना आणि इथे माझी शुगर चढून राहिली."

तर, जुलैचा तो शनिवार. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा.

ओढा ओलांडल्यावर झाडी विरळ झाली. ऊन होतं, वर आकाश निळंभोर. सुलेखाताई अशा चालत होत्या की मला त्यांच्याबरोबर राहताना धाप लागत होती. वळण घेतलं, आणि समोर उतारावर बर्फात गुलाबी रंगाचा लांब पट्टा दिसला. मिरवणूक गेल्यावर रस्त्यावर गुलाल उरतो ना, अगदी तसा. मला वाटलं, आपली मंडळी कुणीतरी आपल्या आधी वर गेली, पूजा केली, गुलाल उधळला. मी बूट काढता येईनात म्हणून तशीच उभी राहिले आणि हात जोडले.

शिवांगी पोट धरून हसली. "नीनाताई! ते शेवाळ आहे. उन्हाळ्यात बर्फावर येतं. गुलाल नाही!"

मी ओशाळले. सुलेखाताई पुढूनच म्हणाल्या, "असू दे. जोडलेले हात काही वाया जात नाहीत. आज तर मुळीच जायला नकोत."

त्यावरून मला कळलं, की त्यांच्या मनात केवढी धाकधूक आहे. दिवसभरात तेवढंच एक वाक्य.

आणि मग तो उतार आला.

वाट डोंगराच्या कडेने आडवी जात होती, आणि ती सगळी कड बर्फाने भरलेली. उताराच्या खाली, बर्फ संपतो तिथे, मोठाले दगड तोंड वर करून पडलेले. मधून एक पाऊलवाट उमटलेली होती, म्हणजे लोक गेले होते. पलीकडच्या टोकाला खिंड दिसत होती, आणि खिंडीच्या मागे तळं. आम्ही उभ्या असतानाच दोन गोरी मुलं वरून हसत-खिदळत आली, शेवटचा तुकडा तर बसून घसरतच.

"ऑलमोस्ट देअर!" एकजण सुलेखाताईंना म्हणाला. "अर्धा मैलसुद्धा नाही. यू गॉट धिस!"

"थँक यू बेटा," त्या म्हणाल्या. त्यांची सगळ्यांशी भाषा तीच.

शिवांगीला आता दम धरवेना. "काकू, अर्धा मैल! मी पुढे होते, पाय रोवून रोवून पायऱ्या करते. तुम्ही माझ्या पावलांवर पाऊल ठेवा. नीनाताई मागून धरतील. आपण हळूहळू जाऊ ना!"

सुलेखाताई काठ्या रोवून चार पावलं बर्फावर गेल्या. उभ्या राहिल्या. वर खिंडीकडे पाहिलं, मग खाली दगडांकडे पाहिलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. पण काय मागावं ते मला कळत नव्हतं. त्यांना वर ने म्हणू, की त्यांना परत फिरव म्हणू? शेवटी नुसतंच नाव घेत राहिले.

बराच वेळ त्या तशा उभ्या होत्या. मग तोंड वरच्या बाजूला ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत परत आल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काकू!"

"जाईन गं मी. जायला मला काही होत नाही. पण दुपारनंतर हा बर्फ आणखी मऊ होईल, आणि उतरताना हे गुडघे मला विचारून वळत नाहीत. मी घसरले, की तू मला धरायला जाशील. तुझ्या मागे ही नीना. तळं माझं, आणि तिकिटं तिघींची फाडू का मी?"

शिवांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलेखाताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "रडतेस काय? खिडकी बंद झाली की खिडकी बंद. मी किती लोकांना सांगितलंय हे. फार वाईट तोंड करायचे बिचारे."

मी हे लिहितेय ते त्या क्षणासाठी. वाट पाहणं आम्हाला सगळ्यांना येतं, निदान चडफडत का होईना. पण तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते अर्ध्या मैलावर दिसत असताना, समोर पावलं उमटलेली असताना, पोरं हसत उतरत असताना, "नाही" म्हणून वळणं, हे मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. तेही कुणावर न चिडता. गुडघ्यांवर नाही, बर्फावर नाही, देवावर तर नाहीच.

बर्फ जिथे संपत होता तिथे ओल्या मातीतून पिवळी फुलं वर आली होती, माना खाली घातलेली. त्यांच्या शेजारच्या दगडावर आम्ही बसलो. मला राहवेना. मी पिशवीतून डबा काढला.

"ताई, आज उघडू या. इथे पोचलो म्हणू. कुणाला काय करायचंय?"

"ठेव आत."

"अहो, पण—"

"नाही पोचलो, नीना. नाही पोचलो तर नाही पोचलो म्हणावं. इथेच पोचलो म्हटलं, तर त्या तळ्याला काय किंमत राहिली? आणि डबा यांचा आहे आज. ठेव."

उतरायला खूप वेळ लागला. सुलेखाताई जागोजाग शिडीवरून उतरावं तशा उलट्या उतरत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. मग एका वळणावर त्यांनी स्टँडवरच्या घोषणेच्या आवाजात पुकारा केला, "कोंढाळी! कोंढाळीवाले उतरून घ्या!" शिवांगीला काही समजेना. मला समजलं, त्या नागपूर-अमरावती गाडीवर बसल्या होत्या. पुढच्या वळणाला कारंजा आलं, मग तळेगाव. तिवसा आलं तेव्हा शिवांगीही ओरडायला लागली. वाटेत भेटणारे लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देत होते, त्यांना काय वाटलं देव जाणे. झाडीतून गाडी दिसली तेव्हा आम्ही नांदगाव पेठेला होतो. पार्किंगमध्ये अमरावती आली, आणि सुलेखाताई गाडीच्या दाराला धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

घरी भाऊजी दारातच होते. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. ओरडले नाहीत. मी डबा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, झाकणावर हात फिरवला.

"आज नको," ते म्हणाले. "शुगर जास्त आहे."

आणि आत जाऊन त्यांनी तो डबा तसाच फ्रीजरमध्ये ठेवला. सुलेखाताई पायरीवर बसून बूट सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण फ्रीजरचं दार लागल्याचा आवाज त्यांनीही ऐकला असणार.

ऑपरेशन झालं. देवाच्या दयेने नीट झालं. मी भेटायला गेले तेव्हा त्या वॉकर धरून घरातल्या बोळात येरझारा घालत होत्या, आणि भाऊजी मागून पुकारत होते, "स्वयंपाकघर! स्वयंपाकघरवाले उतरा!" सुलेखाताई म्हणाल्या, "पाहा, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे चालून राहिले. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं त्यासाठी."

जुलै संपता संपता कॅमेऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी गवत दिसायला लागलं. शिवांगीचा फोन आला, वरचं उघडलं, शनिवारी जाऊ या का? तिचा आवाज चोरटा होता. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शुक्रवारी सकाळी सुलेखाताईंकडे गेले. कसं विचारावं ते कळेना. त्या खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही पाय समोर स्टुलावर, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "मी बर्फाकडे गेले नाही, तर बर्फ माझ्याकडे आला. काय, उद्या निघालात ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनी. खांब मोकळा झाला, की तुम्ही घरी बसाल का? आणि बसूही नका. आठवड्याभरात धूर येईल, मग गेलं वर्ष. नारळ आणलास?"

"आणलाय," मी म्हटलं. आणि मनात होतं ते बोलून टाकलं, "ताई, मी तुमच्या नावाने वर हात जोडीन. आणि तुमच्यासाठी प्रसाद आणीन. तळ्यावर ठेवलेली वडी."

गुडघ्यावरची पिशवी सरकली होती, ती त्यांनी नीट केली. मग माझा हात धरला. त्यांचा हात गार होता, पाण्याने ओला.

"हात जोड, जरूर जोड. पण एक ऐकशील माझं?"

"बोला ना."

"फोटो मला दाखवू नको. पाणी कोणत्या रंगाचं आहे तेही सांगू नको. आणि प्रसाद आणू नको, नीना. प्रसाद आणतात तो ज्यांना जाणं होत नाही त्यांच्यासाठी. माझी वडी फ्रीजरमध्ये आहे. मला अजून येणाऱ्यांतच धर."